पिकायला ठेवलेला डोळा

भागीरथाबाईंनी आपला उजवा डोळा पिकायला ठेवला होता.

त्या असंच सांगत. नागपूरच्या संत्रामार्केटात त्यांची आडत होती. तिथं ढिगापाशी बसलेल्या बायकांपैकी कोणी विचारलंच, आणि विचारायची छाती फार थोड्यांची होती, तर त्या म्हणत की मोतीबिंदू आहे, कच्चा आहे, पिकला की काढून टाकीन. बोलण्याचा थाट असा, की जणू डोळा म्हणजे काटोलच्या बागेतलं फळ आणि ते कधी उतरवायचं ते मालकीण ठरवणार.

यात त्यांचं काही चुकतंय असं त्या पंचाहत्तर-शहात्तर सालात कोणाला वाटलंही नसतं. मोतीबिंदू पिकल्याशिवाय डॉक्टर तेव्हा हात लावत नसत. शेजारच्या इंदूबाईंनी दोन-तीन वर्षं वाट पाहिली होती. बुबुळ दह्याच्या कवडीसारखं पांढरं झालं, तेव्हा कुठं त्यांचा डोळा कापला. डोळ्यांवर हिरवी पट्टी बांधून इंदूबाई दवाखान्यात उताण्या पडल्या होत्या, तेव्हा उशाशी भागीरथाबाईच होत्या. पट्टी सुटली, जाड भिंगाचा चष्मा आला, आणि इंदूबाईंनी डोळे उघडून पहिलं काय पाहिलं, तर भागीरथाबाईंच्या लुगड्याचा उसवलेला काठ. ते त्यांनी बोलूनही दाखवलं. त्या दिवसापासून डोळ्याच्या दुखण्यातलं आपल्याला कोणी शिकवायचं नाही, हे भागीरथाबाईंनी ठरवून टाकलं.

रोज सकाळी वेणीफणी झाली की त्या आरसा उजेडाकडे धरत आणि डाव्या डोळ्यानं उजवा डोळा तपासत. बुबुळ काळंभोर. पांढरेपणाचा ठिपकासुद्धा नाही. म्हणजे अजून कच्चा. आरसा खुंटीला लागायचा आणि बाई मार्केटात जायच्या.

चंपतराव गेले तेव्हा लोकांना वाटलं होतं, आता ही आडत बंद पडते. बाईचं शिक्षण दुसरीपर्यंत, मुलगा श्रीधर तेव्हा मिसरूड न फुटलेला. पण बाईंनी ढिगापुढे पोतं अंथरलं आणि त्यावर अशा बसल्या की व्यापारी पाया पडूनच पुढं जायचे. संत्रं हातात घ्यायचं कामच नव्हतं. नुसत्या नजरेनं मोठा माल, मधला माल, बारका माल वेगळा. पेटीत तणसाखाली कोणी हिरवट फळ दडपलं, तर तिथल्या तिथं त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा. त्याच नजरेवर त्यांनी मुलगा वाढवला, घर उभं केलं, काटोलहून माल आणायला मेटाडोर घेतली. ती श्रीधर चालवायचा. आता तो चाळिशीला आला होता, तरी आईपुढं त्याचा आवाज चढत नसे.

उजव्या डोळ्यानं दिसणं पार गेलं, तसं बाईंचं इकडंतिकडं आपटणं वाढलं. पण आपटलं की दोष आपटलेल्या वस्तूचा. दाराची चौकट त्यांना आडवी यायची, पाण्याची घागर वाटेत बसायची, माणसं तर मुद्दाम अंगावर यायची. सून प्रेमलता सावनेरची, बोलायला कमी, पाहायला जास्त. तिच्या ध्यानात आलं होतं की आता सासूबाईंना डाव्या हाताला वाढलेलंही चटकन दिसत नाही. एकदा तिनं भीतभीत म्हटलं, आई, पिकला नसला तरी एकदा दाखवून तर येऊ. त्यावर तिला जे ऐकावं लागलं त्यात तिचं माहेर, तिच्या बापाची दोन खोल्यांची शेखी आणि ती लग्नात रडली नव्हती हेही आलं. प्रेमलतानं पुन्हा विषय काढला नाही.

मृगाच्या बहाराचा माल फाल्गुनात निघून गेला, मार्केट ओसरलं, तेव्हा बाईंनी जाहीर केलं की आता डोळा काढते. बुबुळ अजून काळंच होतं, पण उन्हाळ्यात जखम चिघळते आणि पुढच्या बहारापर्यंत थांबायला वेळ कोणाला आहे. त्या दवाखान्यात निघाल्या ते लग्नाला निघाल्यासारख्या. नवं लुगडं, वळकटी, तांब्या, पडून राहायच्या दिवसांसाठी डिंकाचे लाडू. गल्लीतल्या बायकांना सांगून झालं की पट्टी सुटेपर्यंत कोणी भेटायला येऊन रडारड करू नये. इंदूबाईंना तर त्या म्हणाल्या, "तुले दिसलं तसं मलेही दिसन. पण मी कोणाचा उसवलेला काठ पाहणार नाही."

श्रीधरनं मेटाडोर दवाखान्याच्या फाटकाशी लावली. आत गर्दी होती. नंबर लागला तर समोर एक डॉक्टरीण. चेहऱ्यावरून पोरगीच, पाठीवर एकच वेणी, बोलणं पुण्याकडचं. तिनं आजी म्हणून हाक मारली, हे बाईंना पहिल्याच झटक्यात आवडलं नाही. त्या खुर्चीत बसल्या आणि सांगून मोकळ्या झाल्या की उजव्यात मोतीबिंदू आहे, काढून टाक, पट्टी घट्ट बांधजो.

डॉक्टरणीनं बॅटरी मारून पाहिलं. डोळ्यात थेंब टाकले, आडवं झोपवलं आणि बुबुळावर लोखंडाचं एक चिमुकलं यंत्र ठेवलं. मग अंधाऱ्या खोलीत तोंडाजवळ तोंड आणून डोळ्याच्या आत उजेड टाकून बराच वेळ पाहिलं. आधी उजवा, मग डावा, मग पुन्हा उजवा. बाई मनात म्हणाल्या, पोरगी नवी आहे, तिला सापडत नसेल.

मग डॉक्टरीण म्हणाली की मोतीबिंदू नाहीच.

"नाही कसा?" बाई म्हणाल्या. "मले त्या डोळ्यानं दिसतच नाही."

"दिसत नाही, कारण डोळ्यामागची शीर वाळली आहे, आजी. याला काचबिंदू म्हणतात. यात कापून काढण्यासारखं काही नाही."

बाईंनी वळकटीकडे पाहिलं. मग त्या हसल्या. त्यांनी तिला समजावून सांगितलं की तू अजून लहान आहेस, तुझे मोठे डॉक्टर असतील त्यांना बोलाव. मोठे डॉक्टर आले. पांढरे केस, सोन्याच्या काड्यांचा चष्मा. त्यांनीही तितकाच वेळ पाहिलं आणि पोरीच्या बाजूनं मान हलवून निघून गेले. बाईंच्या आयुष्यात असं कोणी न बोलता मान हलवून गेलेलं नव्हतं.

डॉक्टरीण स्टूल ओढून जवळ बसली. श्रीधर आणि प्रेमलतालाही तिनं जवळ बोलावलं. तिनं सांगितलं ते असं. मोतीबिंदूत डोळ्याची काच मळते, ती काढता येते, म्हणून पिकायची वाट पाहिली तरी चालतं. इथं काच स्वच्छ आहे. इथं डोळ्यातल्या पाण्याचा दाब वाढतो आणि मागच्या शिरेवर बसतो. ती शीर म्हणजे केसाहून बारीक लाखो तंतू. दिसलेलं ते मेंदूकडे नेतात. दाबाखाली ते एकेक करून मरतात. दुखत नाही, डोळा लाल होत नाही, पांढरा तर होतच नाही. कडेकडेनं दिसणं जातं आणि मधलं शेवटपर्यंत राहतं, म्हणून माणसाला पत्ताच लागत नाही. मेलेला तंतू परत जिवंत होत नाही. उजव्यातले सगळे गेले.

"आणि डाव्यातले निम्म्याहून जास्त गेले आहेत," ती म्हणाली.

हे मात्र बाईंच्या पचनी पडेना. उजव्याचं एक वेळ ठीक, पण डाव्यानं तर त्यांना या पोरीच्या हनुवटीवरचा तीळ दिसत होता, तिच्या कॉलरचा सुटलेला धागा दिसत होता. त्यांनी दोन्ही बोलून दाखवले. डॉक्टरणीनं नकळत कॉलर चाचपली आणि म्हणाली, चला, दाखवते.

शेजारच्या खोलीत भिंतभर काळं कापड ताणून लावलं होतं. मधोमध पांढरं बटण. कापडापासून थोड्या अंतरावर खुर्ची. डॉक्टरणीनं बाईंना बसवलं, उजव्या डोळ्यावर बोळा ठेवला आणि हातात एक काळी काठी घेतली. काठीच्या टोकाला पांढरा मणी होता. नियम साधा होता. बटणावरची नजर हलवायची नाही, आणि कडेनं मणी दिसला की सांगायचं.

बाई बटणाकडे पाहत बसल्या. बटण दिसत होतं, त्याची चार भोकंही दिसत होती. मणी काही येईना. लुगड्याची सळसळ ऐकू येत होती, प्रेमलताचा श्वास ऐकू येत होता, डॉक्टरणीच्या चपला कापडाच्या या टोकाहून त्या टोकाला जात होत्या. मणी नाही. बाईंची मान आखडली.

"काठी फिरवून राहिली का झोप काढून राहिली वं?"

"फिरवते आहे, आजी. तुम्ही बटणाकडेच बघा."

आणखी काही वेळ गेला. मग मणी एकदम बटणापाशी उगवला, जसा कापडातून बाहेर पडावा तसा. बाईंनी सांगितलं. पुन्हा तेच. दर वेळी मणी बटणाला चिकटूनच उगवायचा. कुठूनही येताना दिसायचा नाही. बाईंना खात्री पटली की ही पोरगी मणी मुठीत लपवते आणि ऐन वेळी काढते. मार्केटात असली हातचलाखी त्यांनी पन्नास वेळा पकडली होती. त्या उठल्या आणि म्हणाल्या की हिला बसव, माझ्या सुनेला, मी मागं उभी राहून पाहते.

प्रेमलता बसली. बाई खुर्चीमागं उभ्या राहिल्या आणि मान वळवून सरळ काठीकडेच पाहू लागल्या. डॉक्टरणीनं काठी कापडाच्या अगदी काठाला धरली आणि इंचभर आत आणली.

"दिसला," प्रेमलता म्हणाली.

वरून. दिसला. खालून. दिसला. डावीकडून मणी आत शिरतो न शिरतो तोच दिसला. मणी लपवलेला नव्हता. तो उघड्या काठीवर, उघड्या उजेडात फिरत होता, आणि मघाशीही तसाच फिरत असणार. प्रेमलता दिसला, दिसला म्हणत होती, तिला बिचारीला थांबायचं कळत नव्हतं, आणि प्रत्येक शब्दासरशी बाईंना समजत होतं की एवढं सगळं काळं कापड आपल्यासाठी रिकामं होतं. त्यांनी खुर्चीची पाठ धरली. चौकट, घागर, अंगावर येणारी माणसं. कोणी आडवं आलं नव्हतं.

डॉक्टरणीनं मग विचारलं की पोटची मुलं किती. हा आजार रक्तातून उतरतो, मुलाचे डोळेही पाहून घेऊ. श्रीधर हसला. म्हणाला, मी रोज काटोलची खेप मारतो डॉक्टर, मला काय होतंय. पण आईची उतरलेली मुद्रा त्याला पाहवत नव्हती. तिला जरा हसवावं म्हणून तो टेचात खुर्चीत बसला आणि उजव्या डोळ्यावर स्वतःच तळहात ठेवला.

काठी डाव्या काठाशी आली. बाई पाहत होत्या. मणी आत सरकला. श्रीधर बटणाकडे पाहत होता, ओठांवर हसू तसंच होतं. मणी आणखी आत आला. आता सांगेल, बाईंना वाटलं. प्रेमलतानं सांगितलं ती जागा मागं पडली. मणी वीतभर आत आला, दोन वीत आला, पांढराशुभ्र, आंधळ्यालाही दिसावा असा. श्रीधर गप्प होता. बाईंच्या घशात शब्द आला, आला न गा, पाह्य न, आणि तो त्यांनी गिळला. बोललं तर ते लेकाला दिसलं असं होणार नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी तोंडावर पदर धरला.

"सुरू केलं का?" श्रीधरनं विचारलं.

डॉक्टरणीनं काठी खाली घेतली.

उजवा डोळा त्याचा पुष्कळ बरा निघाला. डावा मात्र खराब होता. डॉक्टरणीनं दोघांना थेंबांच्या बाटल्या दिल्या. दिवसातून चार वेळा, जन्मभर. तिनं आधीच सांगितलं की झोंबतील, कपाळ दुखेल, आणि टाकल्यावर काही वेळ अंधुकच दिसेल. गेलेलं परत येणार नाही, पण दाब उतरला तर जे तंतू जिवंत आहेत ते वाचतील. मुलाचं वय कमी आहे, त्याच्यात वाचवण्यासारखं अजून खूप आहे. तोवर गाडी चालवू नका. वळकटी आणि लाडू तसेच मेटाडोरमध्ये परत गेले. गाडी श्रीधरनंच चालवली, कारण दुसऱ्या कोणाला येत नव्हती. वाटभर बाई त्याच्या डाव्या हाताला बसून सायकलवाल्यांकडे पाहत राहिल्या. गल्लीतल्या बायकांनी विचारलं की इतक्या लवकर कशा आल्या. बाईंनी दार लावून घेतलं.

त्या संध्याकाळी दोघांनी थेंब टाकले. बाईंच्या डोळ्यात मिरचीचा हात लागल्यासारखं झालं, कपाळ ठणकलं आणि भरल्या घरात धुकं उतरलं. ज्या औषधानं आहे तेही कमी दिसतं, ते औषध कसलं. सकाळी त्यांनी बाटली भिंतीतल्या देवळीत ठेवली ती ठेवलीच. श्रीधरनं तर आपली कपाटात फेकली आणि काटोलला जाऊन आला. प्रेमलता दोन्ही बाटल्यांकडे पाहायची आणि भाकरी थापायची. बाईंचा हट्ट आपल्या डोळ्यापुरता होता, पण लेकाच्या बाटलीचं बूच उघडत नाही हे त्यांना खात होतं. त्यांनी एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं. श्रीधर म्हणायचा, मले सारं दिसते माय, मी कोणाले धडकलो का आजवर. बाईंना वाटायचं, हे बोलणं आपण कुठं तरी ऐकलं आहे.

मग एका दुपारी त्यांनी ठरवलं की आज याला फैलावर घ्यायचं. श्रीधर खेप करून आला होता, पाटावर बसून जेवत होता. बाई मधल्या खोलीतून आल्या, त्याच्या डाव्या हाताला, हातभर अंतरावर भुईवर बसल्या. मांडीवर त्याची बाटली. त्यांची एक सवय होती. समोरच्यानं आपल्याकडे पाहिल्याशिवाय त्या तोंड उघडत नसत. अर्धी जरब त्या पाहण्यातच असायची. म्हणून त्या वाट पाहत बसल्या.

श्रीधरनं भाकरी मोडली. वरणात बुडवली. पाणी प्यायला. वाटीतला ठेचा डाव्या अंगाला होता, तो त्यानं चाचपून घेतला. बाईंच्या हिरव्या लुगड्याचा पदर त्याच्या पाटाला लागत होता.

"माय कुठं गेली वं?" त्यानं प्रेमलताला विचारलं.

प्रेमलताचा हात तव्यावरच्या भाकरीवर तसाच राहिला. तिनं नवऱ्याकडे पाहिलं, मग सासूकडे. श्रीधर जेवतच होता. म्हणाला, सकाळपासून तोंड फुगवून आहे, मले आंधळा ठरवून राहिली.

बाईंची सगळी रचून आणलेली बोलणी कुठल्या कुठं गेली. लहानपणी हा मुलगा आईची चाहूल लागल्याशिवाय झोपत नसे. त्या हळूच म्हणाल्या, "इथं आहो मी."

श्रीधर असा दचकला की पाण्याचा पेला लवंडला. त्यानं सगळी मान फिरवली आणि आईला पाहिलं. हातभर अंतरावर बसलेली, अख्खी. मग त्यानं पुन्हा समोर पाहिलं. आई गेली. खरकट्या उजव्या तळव्यानं त्यानं उजवा डोळा झाकला, डावा हात कानापाशी नेला, बोटं हलवली आणि हात सावकाश पुढं आणू लागला. आणत राहिला. हात नाकाजवळ येईपर्यंत त्यानं काही म्हटलं नाही. मग खिशातून मेटाडोरची किल्ली काढून ताटाशेजारी ठेवली.

"केव्हापासून बसली होती तू?" त्यानं शेवटी विचारलं.

"पहिल्या घासापासून."

प्रेमलता चुलीपासून उठून उभी होती. बाईंनी तिला देवळीतली दुसरी बाटली आणायला सांगितली आणि तिथंच भुईवर उताण्या झाल्या. सुनेनं आजवर त्यांच्या डोळ्याला हात लावलेला नव्हता, वेणीलासुद्धा नाही.

"आधी माह्यात टाक," त्या म्हणाल्या. "डाव्यात. आणि हात कापू देऊ नको."

थेंब पडला. बाईंची पायाची बोटं आवळली गेली. श्रीधर वाकून पाहत होता. त्यानं विचारलं, झोंबते का. त्याच्या लहानपणी जखमेवर हळद लावताना त्या नाही म्हणायच्या. आज त्यांनी तसं केलं नाही.

"झोंबते. कपाळही दुखन. झोप इकडं."

तो हात धुऊन आला आणि आईच्या शेजारी, तिच्या उजव्या हाताला आडवा झाला. त्या बाजूनं त्याला पाहायला बाईंना पूर्ण मान वळवावी लागली. वळवली. प्रेमलतानं दोन्ही डोळ्यांत एकेक थेंब टाकला आणि तो कळवळला, तसं त्यांनी त्याचं मनगट धरून ठेवलं.

थोड्या वेळानं तो उठून बसला. दारातून कडक ऊन आत आलं होतं, पण त्याला घरात दिवेलागण झाल्यासारखी वाटत होती. तो डोळे मिचकावत म्हणाला, "कमी दिसून राहिलं, माय."

"कमीच दिसन," बाई म्हणाल्या. "पण दिसन."

मग त्यांनी किल्ली उचलून कनवटीला लावली. मेटाडोरवर आता मार्केटात गाडी हाकणाऱ्या रुपरावला बसवायचं, म्हणाल्या, तो बोलतो फार पण मान फिरवून पाहतो. इंदूबाईंनाही सांगायला हवं, तिच्या सुनेला म्हणे संध्याकाळचं अंधुक दिसतं आणि तीसुद्धा पिकायची वाट पाहते आहे. हे सगळं त्या कपाळ दाबून धरत, भिंतीकडे तोंड करून बोलत होत्या. शेवटी प्रेमलताला म्हणाल्या की संध्याकाळचे थेंब चुकले तर तुझी खैर नाही, आणि लवंडलेलं पाणी पूस, नाहीतर त्यावरून मी घसरले म्हणजे तीही पुन्हा पाण्याचीच चूक होईल.